जनरलसाहेबांचा प्रश्न

१ ऑक्टोबर १८१२

संसद बरखास्त झाली. सकाळच्या टपालगाडीबरोबर बातमी आली आणि दुपारपर्यंत ऑल्डमिअरच्या सगळ्या गुत्त्यांनी बिअरची पिंपं दारात आणून ठेवली. निवडणूक म्हटली की आमच्या गावाला आधी तहान लागते, देश मागाहून आठवतो.

आमचे हे बारा वर्षं इथले सभासद आहेत. बारा वर्षांत सभागृहात एकदाच बोलले, तेही "ती खिडकी लावा, वारा येतोय" एवढंच, असं माझा धाकटा भाऊ जोनस चारचौघांत सांगत असतो. सांगू दे. जनरल सर लॅम्बर्ट कॅथरिक यांना बोलायची गरजच पडली नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी त्या बेटावरची मोहीम निघाली. डच किनाऱ्यावरचं चिखलाचं बेट, घरोघर ताप, आणि समुद्राच्या बांधावर अडकलेल्या आमच्याच रेजिमेंटच्या चार तुकड्या. मागे फिरण्याचा हुकूम लंडनहून उशिरा आला, तोवर फ्रेंचांनी बांध फोडला आणि पोरं बुडाली. वर्तमानपत्रांनी ह्यांचं नाव 'बुडवे जनरल' ठेवलं. मंत्र्यांनी कानांवर हात ठेवले. दुसरी कामगिरी दिली नाही आणि चौकशीही केली नाही. चौकशी केली असती तर हुकूम कोणाच्या टेबलावर पडून राहिला ते बाहेर आलं असतं ना.

ह्यांना तापात उचलून जहाजावर आणलं ते कॅप्टन टिलनीने. तेव्हा हे नुसतं "हुकूम, हुकूम" बरळत होते. मी टिलनीला विचारलं, "हुकूम उशिरा आला, असंच ना?" तो म्हणाला, "होय बाईसाहेब." तेव्हापासून मी त्या एका वाक्यावर जगते आहे.

सभागृहात उभं राहून हे चौकशीची मागणी करणार होते. दोनदा त्यासाठी लंडनला गेले आणि न बोलताच परत आले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "विसरलो." असं कुणी विसरतं का? भीती वाटली असेल. तोफेसमोर न डगमगणारी माणसं भाषणाला घाबरतात. या वेळी मी बरोबर जाणार. बायकांना तिथे छताच्या झरोक्यातून बघू देतात. मी झरोक्यातून बघेन, पण प्रश्न विचारल्याशिवाय ह्यांना घरी आणणार नाही.

गावाच्या दोन जागांपैकी दुसऱ्या जागेवरचे म्हातारे सभासद संधिवाताने अंथरुणाला खिळलेत. तिथे आपला टिलनी उभा राहणार. देवाने मूल दिलं नाही ती कसर या पोराने भरून काढली. पोर म्हणजे आता छत्तिशीचा आहे. रात्री जेवायला होता. मटणाचा तुकडा ताटात फिरवत म्हणाला, "बाईसाहेब, या वर्षी साहेबांना विश्रांती दिली तर? प्रश्न मी विचारेन."

"त्यांचा प्रश्न त्यांनीच विचारायचा," मी म्हटलं. "तू शेजारी बसून हूं म्हण."

तो हसला नाही. हल्ली फार गंभीर झालाय.

३ ऑक्टोबर

दारोदार फिरायला सुरुवात. टोपीला निळी फीत, पायात जाड बूट. मतदार पुरुष असतात, पण मत स्वयंपाकघरात ठरतं, हे मला बिअरसाठी माल्ट विकणाऱ्याच्या घरी जन्मून कळलं नसतं तर कोणाला कळणार? ह्यांना माझ्याशी लग्न केल्याबद्दल त्यांचे भाऊ अजून हसतात. पण त्या भावांपैकी कोणाला ऑल्डमिअरमधल्या एकाही पिंपवाल्याच्या बायकोचं नाव माहीत नाही.

आम्ही दोघे निळे. समोर पिवळ्यांचा मिस्टर पेक, बिअरच्या कारखान्याचा मालक. जागा दोन आणि उमेदवार तीन. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन वेगळ्या माणसांना द्या, नाहीतर एकच द्या आणि दुसरं खिशात ठेवा. ह्यांची मतं पक्की आहेत. काळजी टिलनीची, तो इथला नाही. म्हणून मी प्रत्येक दारात तेच म्हणते: "पहिलं साहेबांना, दुसरं आपल्या कॅप्टनला."

खाटीक लँगली अडून बसला. "बाईसाहेब, मी साहेबांना एकच देणार. दुसरं कोणालाच नाही. दोन दिली की पहिल्याची किंमत जाते."

"अरे, एवढं मटण विकतोस आणि मताचं हाड राखून ठेवतोस? दे की कॅप्टनला."

त्याची बायको हसली, तो विरघळला. असे पाच-सहा जण मी वळवले.

हे बरोबर होते. पिंपवाल्याला त्यांनी तीनदा नाव विचारलं. लँगलीच्या आईची चौकशी केली. ती गेल्या नाताळात वारली, मयताला आम्ही होतो. मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. एवढी माणसं भेटली की कोणाचाही गोंधळ होईल. लँगली मनाला लावून घेणारा नाही.

५ ऑक्टोबर

आज डोरकस यॅक्सलीकडे गेले. नदीकाठच्या शेवटच्या झोपडीत वेताच्या टोपल्या विणते. तिचा रूबेन त्या बांधावर गेला. तिच्याकडे मत नाही, पण दोन जावयांकडे आहे आणि जावई सासूला घाबरतात. मला तिथे जायला जड जातं. पण तीच मला दारात घ्यायला आली.

"साहेब चौकशी लावणार म्हणे?"

"निवडून आले की पहिल्याच आठवड्यात."

"मग दोन्ही जावयांना मी स्वतः मतमंचावर चढवते. एकाचा पाय दुखतोय, त्याला ढकलगाडीत घालून आणते." मग हातातला वेत तसाच धरून म्हणाली, "मला पैसा नको, पेन्शन नको. लंडनातल्या कुठल्या बाबूने हुकूम दाबून ठेवला, एवढं नाव कळू दे. रात्री शिव्या द्यायला एक नाव तरी हवं."

तिला पण दुसरं मत कॅप्टनलाच सांगितलं. म्हणाली, बरं.

७ ऑक्टोबर

जोनस सांगत होता, टिलनी काल संध्याकाळी पेकच्या घरी जाऊन आला. म्हटलं, सभ्य माणूस आहे, विरोधकालाही भेटतो. जोनस म्हणाला, "ताई, सभ्य माणसं पुढच्या दाराने जातात." जोनसला सगळ्यांचाच संशय येतो, त्याचा स्वतःच्या तराजूवरही विश्वास नाही.

८ ऑक्टोबर

बाजारचौकात मंच बांधला आणि भाषणं झाली. पेक बिअरवर बोलला. टिलनी थोडकं बोलला, चांगलं बोलला. मग हे. लाल गणवेश, छातीवर तारा, केस पांढरे. मला भरून आलं. सुरुवात झकास केली: राजा, गहू, रस्ते. तेवढ्यात पिवळ्यांतून कोणीतरी ओरडलं, "बुडवे!"

हे थांबले. नदीकडे बघितलं. मग हळू आवाजात, जणू शेजारच्यालाच सांगावं तसं म्हणाले, "टिलनी, कंदील खाली घ्या. आवाज करू नका."

टिलनीने पुढे होऊन ह्यांच्या कोपराला हात लावला, टोपी उंचावली आणि म्हणाला, "जनरलसाहेब म्हणतात, आरडाओरडा करणाऱ्यांनी कंदील घेऊन घरी जावं." लोक खदाखदा हसले, मग जयजयकार केला. ह्यांचा विनोद असाच असतो, कोरडा. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर

टिलनी बागेत आला. सफरचंदं उतरवून घेत होते. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"बाईसाहेब, समजा साहेबांनी मागणी केली. सभागृहाने मान्य केली. चौकशी समिती पहिला साक्षीदार कोणाला बोलावेल?"

"ह्यांनाच."

"आणि दुसरा?"

"तुला. तूच तर होतास तिथे."

"मला शपथ घालतील."

"मग घे की. खरं सांगायला शपथेची काय भीती?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला रागच आला. म्हटलं, "टिलनी, पाय लटपटत असतील तर आत्ताच सांग. तीन वर्षं मी मान खाली घालून चर्चमध्ये बसते. पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून बघतात. मला तो प्रश्न विचारलेला ऐकायचा आहे, मग मी मेले तरी चालेल."

"हो," म्हणाला आणि गेला. सफरचंद दिलं ते कुंपणावर ठेवून गेला.

१२ ऑक्टोबर

मतदानाचा पहिला दिवस. मी समोरच्या कापडवाल्याच्या माडीवरून बघत होते. एकेक जण मंचावर चढतो, नाव सांगतो, मोठ्याने मत सांगतो आणि उमेदवार टोपी काढून आभार मानतात. डोरकसने जावयाला खरंच ढकलगाडीतून आणलं. गाव हसलं, तिने लक्ष दिलं नाही. "कॅथरिक आणि टिलनी!" जावयाआधी तीच ओरडली. कारकून म्हणाला, बाई, मत तुमचं नाही. ती म्हणाली, पोरगा माझा होता.

संध्याकाळी हे पहिले, टिलनी दुसरा, पेक मागे. मी जोनसला म्हटलं, बघ.

१३ ऑक्टोबर

आज काहीतरी विचित्र घडतंय. नदीपलीकडचे नावाडी, टिलनीला मानणारे, आले आणि म्हणाले, "टिलनी. एकच." दुसरं मत कोणालाच नाही. एक, दोन, मग रांगच. मी म्हटलं, चुकले असतील. मग पेकच्या कारखान्यातले कामगार आले. त्यांचं ऐकून माझा हात खिडकीच्या चौकटीवरच राहिला: "पेक आणि टिलनी." पुन्हा, "पेक आणि टिलनी."

हे प्रत्येकाला टोपी काढून नमस्कार करत होते. ज्यांनी ह्यांना मत दिलं नाही, त्यांनाही.

टिलनीने एकदाही माडीकडे बघितलं नाही.

जोनस वर आला. "ताई, आता तरी बघ. त्याने आपल्या माणसांना सांगितलंय, मला एकट्यालाच द्या. पिवळ्यांशी बोलणी केलीत. आणि आपली सगळी माणसं, लँगलीपासून सगळी, त्याला दुसरं मत देऊन बसलीत."

"ती मी मिळवून दिली," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

१४ ऑक्टोबर

पेक १७१. टिलनी १४८. कॅथरिक १४१.

सात मतांचा फरक. लँगली आणि माझे ते पाच-सहा जण. पुढचं लिहवत नाही.

१५ ऑक्टोबर

काल निवडून आलेल्यांना खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन मिरवलं. टिलनी खुर्चीत बसायला तयार नव्हता म्हणे, बळेच बसवला. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा हे खिडकीत उभे राहून हात हलवत होते. त्यांना वाटलं, आपलीच आहे.

आज सकाळी टिलनी आला. मी मोलकरणीला बाजूला सारून स्वतः दार उघडलं. आत घेतलं नाही.

"ज्याच्या ताटात जेवलास, त्याचीच जागा खाल्लीस," मी म्हटलं. "मागितली असतीस तर दुसरी कुठली मिळवून दिली असती. भीक घातली असती."

तो तसाच उभा राहिला. अंगावर एकही निळी फीत नव्हती. म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हाला एकच सांगायला आलो. तो प्रश्न मी कधीही विचारणार नाही. दुसऱ्या कोणालाही विचारू देणार नाही. शपथेवर सांगतो."

म्हणजे जागा घेतली ती घेतली, वर ह्यांचं नाव कायमचं चिखलात ठेवण्याची शपथ. एवढा खुनशीपणा कुठून येतो माणसात? मी म्हटलं, "या घराचा उंबरा पुन्हा ओलांडलास तर कुत्री सोडीन." दार लावलं. बराच वेळ पायऱ्यांवर त्याच्या बुटांचा आवाज झाला नाही, मग झाला.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. पण हा वासा मीच तासून बसवला होता.

२३ ऑक्टोबर

अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. चर्चला गेले नाही. हे खोलीत येऊन विचारतात, "आजारी आहेस का?" मी नाही म्हणते. ते खुर्ची ओढून बसतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, "आजारी आहेस का?" त्यांनाही धक्का बसलाय, दाखवत नाहीत.

प्रत्येक दार आठवतं. "दुसरं आपल्या कॅप्टनला." कोणी गळ्यात पाटी बांधली असती तरी एवढ्या निष्ठेने म्हटलं नसतं. शत्रूने ह्यांचा बांध फोडायला रात्र घेतली. मला आठवडा लागला, तोही हसत हसत.

२ नोव्हेंबर

आज जेवताना ह्यांनी विचारलं, "हेस्टर, आपण निवडून आलो ना?"

मी सुरीकाटा खाली ठेवला. किती दिवस झाले. मंचावर स्वतः उभे होते, आकडे स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

"आलो," मी म्हटलं.

"मग भाषण बसवायला हवं," म्हणाले आणि खुशीने आणखी मटार वाढून घेतले. मोलकरीण भिंतीकडे बघत उभी होती. डॉक्टर म्हणतात, बेटावरचा ताप असा मेंदूत मुरतो. म्हणजे हे लंडनमध्ये खरंच विसरले होते? मी त्यावर विचार करत नाही.

२४ नोव्हेंबर

आज संसद उघडली. हे सकाळपासून गणवेश घालून दिवाणखान्यात. गाडी का आली नाही? मी सांगितलं, चाक मोडलंय. दुपारी पुन्हा विचारलं, तेव्हा घोडा लंगडतोय म्हटलं, कारण चाकाचं सांगितलेलं माझ्याच ध्यानात नव्हतं. त्यांच्या मात्र होतं. "आधी चाक, आता घोडा," म्हणाले. "मंत्र्यांचं काम दिसतंय." मला हसू आलं आणि मग ते हसू थांबेना, स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागलं.

३ डिसेंबर

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळच्या वर्तमानपत्रात होतं, ऑल्डमिअरचा नवा सभासद बाकावर खांबासारखा बसून असतो. बेटाचा विषय कोणीतरी काढला, तेव्हा बेटावर होता म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तर उठून बाहेर गेला. भेकड, असं छापलंय. मला बरं वाटलं. कोणाला तरी भेकड म्हटलेलं वाचून किती दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी डोरकस आली. अंगावर चर्चचा झगा. हे निवडून आले नाहीत हे तिला माहीत आहेच. पण म्हणाली, "जनरल ते जनरलच. सभागृह नाही तर नाही, राजाला अर्ज करतील. साहेबांच्या तोंडून ऐकायचंय." मी तिला आत घेतलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. चहा आणि केक मागवला. तिला खुर्चीच्या कडेवर बसलेली बघून हे उठून उभे राहिले आणि तिला नीट मागे टेकून बसवलं. बायकांशी ते नेहमीच अदबीने वागतात.

"साहेब," ती म्हणाली, "माझा रूबेन बांधावर होता. हुकूम उशिरा का आला, कोणी अडवला, ते कधी विचारणार?"

"उशिरा?" हे म्हणाले. "उशिरा नाही आला. दिवेलागणीला आला. टिलनीने आणून दिला."

मी म्हटलं, "अहो, चहा घ्या."

"दिवेलागणीला," ते म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ, पंधरा वर्षांपूर्वीसारखा. "लगेच मागे या, असा हुकूम. टिलनी म्हणाला, आत्ताच उठवू. पण पोरं दोन दिवस चिखलातून चालून आली होती बाई. नुकतीच आडवी झाली होती. बूटसुद्धा काढले नव्हते काहींनी. मी बांधावरून चालत गेलो, शेवटपर्यंत. एकही जागा नव्हता. मी म्हटलं, राहू दे. एक रात्र झोपू दे. पहाटे उठवू."

डोरकसने विचारलं, "मग?"

"मग पहाटेआधी बांध फुटला."

ते रडायला लागले. मी त्यांना तापात, पराभवात, आईच्या मयताला बघितलंय. असं कधीच नाही. ते डोरकसकडे बघत होते, माझ्याकडे नाही. डोरकसने चहा संपवला. कप बशीत ठेवला. कितीतरी वेळ त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली, की गुडघा धरून बसली, मला सांगता येणार नाही.

फाटकापर्यंत मी तिच्या मागे गेले. "डोरकस, ह्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेतात. काहीही बोलतात."

"चांगलं बोलले," ती म्हणाली. "तीन वर्षांत कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं."

"मला ठाऊक नव्हतं."

"दिसलं मला. मी तुमच्याच तोंडाकडे बघत होते."

४ डिसेंबर

टिलनी म्हणाला होता, "होय बाईसाहेब." त्या दोन शब्दांसाठी त्याने काय काय गिळलं असेल. पहिला साक्षीदार कोण, दुसरा कोण. मी त्याला सफरचंद देऊन वाटेला लावलं.

मी ह्यांचा हात धरून सभागृहापर्यंत नेणार होते. झरोक्यात बसून बघणार होते. हे उठले असते, प्रश्न विचारला असता, आणि कोणी साधं "हुकूम कधी आला?" म्हटलं असतं तर हेच, सरळ उभे राहून, सगळ्या देशासमोर, "दिवेलागणीला." आणि मी वरून ऐकलं असतं. हेच तर मागत दारोदार फिरले मी.

टिलनीला पत्र लिहायला बसले. 'प्रिय' पर्यंत लिहिलं. कुत्री सोडीन म्हटलेल्या माणसाला पुढे काय लिहितात? भेकड म्हणून छापून आलेला माणूस तो भेकडपणा कोणासाठी पांघरून बसलाय, हे मी कोणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर त्याने वाचवलेलं सगळं जातं. तेव्हा त्याने शिव्या खायच्या आणि मी ऐकायच्या.

ह्यांना कालचं काही आठवत नाही. जेवताना विचारलं, "सभागृहात माझा प्रश्न कोणत्या दिवशी आहे?"

१० डिसेंबर

डोरकस पुन्हा आली. गुरुवारी तिची टोपल्यांची फेरी आमच्याच बाजूला असते. मला वाटलं, गावात बोलली असेल, भांडायला आली असेल. तसं काही नाही. चर्चचा झगा, तीच खुर्ची.

"साहेब," म्हणाली, "माझा रूबेन बांधावर होता. हुकूम उशिरा का आला?"

तिला कधी बघितलंच नसावं असे हे उठले, तिला नीट बसवलं. "उशिरा? उशिरा नाही आला. दिवेलागणीला आला."

सगळं पुन्हा. चिखल, बूट, बांधावरून शेवटपर्यंत चालत जाणं. आणि रडणंही पहिल्याइतकंच, कारण त्यांना ते पहिलंच होतं. आज डोरकसने मध्ये विचारलं, "पांघरूण होतं का अंगावर?" ते म्हणाले, कोट होते. तिने मान हलवली.

फाटकाशी मी म्हटलं, "डोरकस, त्यांना का छळतेस? रात्रीपर्यंत विसरतात, पण तेवढा वेळ जीव जातो त्यांचा."

"गावात एका शब्दाने बोलले नाही मी," ती म्हणाली. "जावयांनाही नाही. कशाला? माझ्या तोंडून ते इतकं चांगलं येणार नाही." मग टोपलीचा बंद खांद्यावर नीट केला. "तुम्ही माझ्या दारी आलात, बाईसाहेब. दोन मतं मागितलीत. मी दिली. आता मी तुमच्या दारी येते. नको असेल तर सांगा."

सांगायला हवं होतं. मोलकरणीला सांगायचं, घरी नाही म्हण, तीन शब्द. मी फाटक उघडून धरलं.

१७ डिसेंबर

सकाळपासून बर्फ. येणार नाही असं धरून चालले होते. आली. झग्याची कड ओली, नाक लाल. शेकोटीजवळ बसवली, ह्यांनीच.

विचारलं. सांगितलं. आज ते बांधावरून चालण्यापाशी थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले. जणू अजून दोन पावलं टाकली तर कोणीतरी जागा सापडेल. डोरकस वाट बघत राहिली. मी चहा ओतला. मला आता ते वाक्य न् वाक्य पाठ आहे, आणि प्रत्येक वेळी "राहू दे, एक रात्र झोपू दे" येतं तेव्हा मला वाटतं, त्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. हे डोरकसला कधीतरी सांगावं. हिंमत होत नाही.

रडून झालं. रुमालाने तोंड पुसलं. मग हळूहळू खांदे सरळ झाले, चेहरा मोकळा झाला, खिडकीतला बर्फ बघून म्हणाले, "थंडी वाढली." डोरकस उठून दारापाशी टोपीच्या नाड्या बांधत होती. हे माझ्याकडे वळले. डोळ्यांत ती जुनी जरब, जिच्यासाठी मी बापाचं घर सोडलं.

"हेस्टर, सभागृह उघडलं की पहिल्याच दिवशी मी उभा राहणार. त्या पोरांना कोणी मारलं, त्याचं नाव मला हवं आहे. नाव घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

डोरकसने ऐकलं. तिने गाठ सोडून पुन्हा नीट बांधली. "पुढच्या गुरुवारी नाताळची घाई असेल," मला म्हणाली, "तरी येईन."